पाय पळताना काय वाजतंय ते बघा

ड्रम कॉर्प म्हणजे मैदानावर चालता-पळता ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं) आणि ड्रम वाजवणारे संघ. त्यांच्या स्पर्धांतल्या गुणांकनावरच्या या लेखात म्हटलंय की वादनाला वेगळे आणि चालण्याला वेगळे परीक्षक असले की दोन्हींची बेरीज म्हणजेच संघाचा कस. हे मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेत शाळेत असताना मी मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो. उलट्या पावली मागे चालताना टाच टेकवायची नाही, सगळा भार चवड्यांवर. जरा धक्का बसला की माउथपीस ओठांवर आपटतं आणि लांबवलेला सूर थरथरतो. 5 यार्डांत 8 पावलं म्हणजे साडेबावीस इंचांचं एक पाऊल, आणि मिनिटाला 180 ठोक्यांच्या लयीत अशी सेकंदाला तीन! त्यात श्वास कुठे घ्यायचा, खरं अवघड ते आहे.

म्हणून पाय पळत असताना नेमकं काय वाजतंय, हे बघायला हवं. बऱ्याचदा कठीण भाग उभ्या-उभ्या वाजतो आणि धावपळीत ब्रास गप्प असतं. दोन्हीकडे गुण भरपूर, पण दोन्ही कसोट्या एकत्र आल्याच नाहीत. डीसीआय (ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल) या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या निकषांत एकाच वेळी पेललेल्या जबाबदाऱ्यांचा विचार आहे, लेखात त्याचा उल्लेखच नाही. आणि स्नेअरवाल्यांवर, म्हणजे काठ्यांनी स्नेअर ड्रम वाजवणाऱ्यांवर, एक ओळही नसावी? ट्रम्पेटवाला कमरेतून वळून प्रेक्षकांकडे तोंड ठेवू शकतो. पोटासमोर ड्रम बांधलेल्याला ते जमत नाही. त्याला पायावरून पाय टाकत खेकड्यासारखं आडवं सरकावं लागतं, तेही शेजाऱ्याच्या काठ्यांशी आपल्या काठ्यांची उंची जुळवत.