दुर्खीमच्या नावावर गोळ्या बंद करायला सांगू नका

‘1897 साली फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी सिद्ध केले की देवधर्म करणारा माणूस आत्महत्या करत नाही. नैराश्य म्हणजे संस्कारांचा अभाव. गोळ्या सोडा, मंदिरात जा.’ पुढे घटस्फोटांवर आगपाखड, आणि शेवटी ‘समाजापुढे व्यक्ती शून्य, असे ते म्हणत’. घरच्या ग्रुपवर हा मेसेज फिरत होता तोवर मी दुर्लक्ष केलं. पण एका काकांनी तो माझ्या मावसबहिणीला मुद्दाम वेगळा पाठवला. तिचे उपचार चालू आहेत. ‘ताई, बंद करून बघू का?’ असं तिनं विचारलं, तेव्हा डोकं फिरलं.

आधी गोळ्या. दुर्खीम डॉक्टर नव्हता, समाजशास्त्रज्ञ होता. दर दहा लाख लोकांमागे आत्महत्या किती, हे प्रमाण एकेका देशात वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच का राहतं, हा त्याच्या 1897 च्या ‘आत्महत्या’ या पुस्तकातला प्रश्न. अमक्या बाईनं औषध घ्यावं की नाही, याचं उत्तर त्या पुस्तकात शोधणं म्हणजे पावसाच्या सरासरीवरून आज छत्री घ्यायची का ते ठरवणं. डोस डॉक्टरच ठरवतील. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे.

आता देवधर्म. त्यानं आस्तिक-नास्तिक अशी तुलना केलीच नव्हती. प्रोटेस्टंटांमध्ये आत्महत्या जास्त, कॅथलिकांमध्ये कमी, ही त्याची मुख्य तुलना. दोघंही ख्रिस्ती, दोघंही देव मानणारे, आत्महत्या दोघांच्याही लेखी पाप. श्रद्धेनंच माणूस वाचत असता तर आकडे सारखे यायला हवे होते. फरक त्याला दिसला तो माणसं एकमेकांना किती घट्ट बांधलेली आहेत यात. आणि हा बांध फार आवळला तरी माणूस मरतो, हेही त्याच पुस्तकात आहे. तिथं उदाहरण आपल्याकडच्या सतीचं आहे! मेसेज लिहिणाऱ्यानं शेवटचं प्रकरण उघडलं असतं तर आणखी पंचाईत झाली असती. यावर धर्म हा उपाय होईल का, असा प्रश्न तिथं दुर्खीम स्वतः विचारतो आणि नाही म्हणतो. विचारस्वातंत्र्य आवळल्याशिवाय धर्माला ते काम आता जमणार नाही, असं त्याचं म्हणणं. तो वळतो व्यवसायसंघांकडे, म्हणजे एका धंद्यातल्या माणसांच्या संघटनांकडे. शिवाय कॅथलिक-प्रोटेस्टंट फरकही वादातीत नाही. त्याच्याच परंपरेतल्या मॉरिस हाल्बवाक्सनं 1930 मध्ये दाखवलं की त्यात धर्माचा वाटा किती आणि खेड्यातल्या राहणीचा किती, हे सुटं करता येत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य. एकटं पडणं घातक असतं, हे दुर्खीम म्हणतोच, आणि देवळातल्या भजनाला जाऊन कुणाला चार माणसं भेटत असतील तर उत्तमच. पण मग काकांनी मेसेज ढकलण्याऐवजी तिला फोन करायचा होता. महिनोन्महिने केलेला नाही.

घटस्फोटाचं थोडक्यात. घटस्फोट वाढतात तिथं नवऱ्यांच्या आत्महत्या वाढतात, एवढं मेसेजनं उचललं. बायकांना मात्र घटस्फोटाची मुभा असलेल्या ठिकाणी लग्न जास्त मानवतं, हा त्याच आकडेवारीचा दुसरा भाग गाळला. दुर्खीमची बायकांबद्दलची मतं तशी जुनाटच होती, तरी हा निष्कर्ष त्यानं लपवला नाही.

राहिलं ‘व्यक्ती शून्य’. समाज माणसाला घडवतो, त्याची नीतीसुद्धा समाजातून येते, हे दुर्खीम आयुष्यभर सांगत होता, खरंच. त्यावरून शून्य कुठून काढलं? ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा सैन्याच्या इभ्रतीपुढे एका माणसाचं काय, असं म्हणणारे फ्रान्समध्ये ढिगानं होते. 1898 मध्ये दुर्खीमनं त्या बाजूला लेख लिहून उत्तर दिलं: आधुनिक समाजाला एकत्र ठेवणारा धर्म उरला असेल तर तो माणसाच्या प्रतिष्ठेचा, आणि निरपराध माणसाचा बळी देणारा समाज स्वतःचाच पाया उखडतो.