नाना, ही मोटर नाही

खान्देशात टोन कुणी बनवत नाही, भरून आणतात. बँडच्या गाडीवरचा कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, त्याचं नाव कॅसिओ. आणि त्या कॅसिओत पेन ड्राइव्हने टोन भरून देणारा कुणी ना कुणी धुळ्यात, नंदुरबारला नाहीतर सुरतेला असतोच. चहा येईपर्यंत सनई, बेंजो, पावरी, ढोल, सगळं आत जातं. लग्नसराईत गाडीवरचा पोरगा एका हाताने टोन बदलतो, दुसऱ्या हाताने घाम पुसतो आणि खाली गल्ली नाचते. अशा सोयीच्या मुलखात एखाद्याने सनईचा आवाज विजेपासून घडवायला बसावं, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नाही. माझा मावसभाऊ स्वतः बँडमध्ये कॅसिओ वाजवतो. त्याने माझा सिंथेसायझर, म्हणजे विजेपासून आवाज घडवायचं यंत्र, उचलून पाहिलं, पालथं करून पाहिलं आणि विचारलं, "दादा, याच्यात टोन किती?"

"एकही नाही. आपण बनवायचे."

"मग पैसे कशाचे घेतले त्याने?"

यंत्र शाळेच्या दप्तरात मावतं. पंचवीस पट्ट्या, वर नॉबच नॉब. पडदा नाही, मेमरी नाही. एका वेळी एकच सूर निघतो. दोन पट्ट्या दाबल्या तर एकीचं ऐकतं, दुसरीकडे दुर्लक्ष करतं. पूर्ण अॅनलॉग. मी अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे ध्वनीचा धडा दरवर्षी माझ्या वाट्याला येतो आणि दरवर्षी तो रबर बँड आणि ट्यूनिंग फोर्कवर भागवावा लागतो. घरात खरेदीचं कारण हेच सांगितलं. किंमत मात्र थोडी गोल करून सांगितली, खालच्या बाजूला.

विज्ञानाच्या हिशोबात सनई अवघड नाही. तिची नळी शंकूसारखी रुंद होत जाते, म्हणून तिच्यात मूळ सुराच्या सगळ्या पटींचे स्वर येतात, सम आणि विषम दोन्ही. बँडमधल्या क्लॅरिनेटची नळी सरळ आणि फुंकायच्या बाजूने बंद, म्हणून त्याच्या खालच्या पट्टीत विषम स्वरांचाच जोर. यंत्रात या दोघांची सोय आधीच करून ठेवलेली असते. करवतीच्या दातांसारखी सॉ लाट घेतली की सगळे स्वर मिळतात, चौकोनी लाट घेतली की फक्त विषम. म्हणजे सनईला सॉ. मग फिल्टर लावून नको ते स्वर कापायचे (कुठून कापायचं ते कटऑफचा नॉब ठरवतो), एलएफओ म्हणजे मंद लाट सेकंदाला पाच-सहा वेळा हलवून सुराला कंप द्यायचा, आणि मींडेसाठी ग्लाइड. वहीत हे सगळं अर्ध्या पानात मावलं.

राहिला एन्व्हलप. सूर कसा उठतो, कसा बसतो, किती टिकतो आणि कसा मावळतो, हे चार नॉब ठरवतात: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. पुस्तिकेतल्या आकृत्यांनी मला जे कळलं नाही, ते माझ्या आत्याच्या रुसव्याने लख्ख कळलं. आहेराची साडी मनासारखी नसली की आत्या क्षणात भडकते, तो अटॅक, जवळजवळ शून्य. दोन मिनिटांत आवाज थोडा खाली येतो, तो डिके. मग पंगती उठेपर्यंत ती एकाच पातळीवर धुमसत राहते, तो सस्टेन. आणि लग्न संपून मांडव उतरल्यावरही जे वर्षानुवर्षं चालू राहतं, तो रिलीज. आत्याचा रिलीज माझ्या यंत्रात मावत नाही, त्याचा नॉब काही सेकंदांवर संपतो.

खरी अडचण यंत्रात नव्हतीच, ती घरातल्या कानांत होती. आमच्याकडे प्रत्येक आवाज आधीच कुणाच्या तरी मालकीचा आहे. नवीन आवाजाला सातबारावर जागाच शिल्लक नाही. मी सॉ लाट खालच्या पट्टीत लावली, तिला एलएफओची हलकी थरथर दिली आणि खरंच सांगतो, खोलीत काहीतरी भव्य घुमायला लागलं. तेवढ्यात ओट्यावरून नानांचा आवाज आला, "मोटर बंद कर रे भो, टाकी भरी गयी!"

"नाना, ही मोटर नाही."

"मग कसानी शे?"

यावर 'सनई' म्हणायचं धाडस मला झालं नाही.

फिल्टर जिथे कापतो तिथलाच स्वर उठवणारा नॉब म्हणजे रेझोनन्स. तो शेवटापर्यंत नेला की फिल्टर स्वतःच शीळ घालायला लागतो. त्याला लाटेची गरज उरत नाही, तो आपल्याच आवाजावर पोसला जातो. इलेक्ट्रॉनिक्समधली ही मोठी देखणी गोष्ट आहे. आईने आत जाऊन गॅस बंद केला. त्या दिवशी डाळीचा एकेक दाणा वेगळा होता आणि जेवताना कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

पण सगळ्यात जास्त परिणाम झाला तो नॉइझचा. सनईत फुंकेची थोडी हवा ऐकू यायला हवी, म्हणून मी नॉइझ घेतला. त्यात सगळ्या पट्टीतले स्वर एकदम असतात, नुसती सरसर. फिल्टर हळूहळू उघडत नेला. आधी लांबून आल्यासारखी, मग जवळ, मग पत्र्यावर धो धो. दिवस वाळवणाचे. गच्चीवर आत्याचे बिबडे पसरलेले. ज्वारी भिजवून, दळून, पहाटे उठून शिजवून, ओल्या धोतरावर थापलेले. दुपारच्या झोपेतून आत्या उठली ती "पानी उना वं माय, बिबडा उचला!" असं ओरडतच. तिच्यामागे आई, आईमागे शेजारच्या दोघी, त्यांच्यामागे कुणाची तरी सून पदर खोचत. वर गच्चीवर कोरडं ठणठणीत, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि अर्धे ओले बिबडे एकमेकांवर रचलेले, चिकटलेले. मी खाली लगेच आवाज बंद केला, त्यामुळे पाऊस आला आणि थांबला, असंच काही काळ सगळ्यांना वाटत होतं. आत्याचा त्या दिवशीचा सस्टेन विचारू नका.

मेमरी नसण्याचं दुःख वेगळंच. १९७० च्या मिनीमूग या सिंथेसायझरलाही मेमरी नव्हती. जमलेला आवाज कागदावर नॉबांची चित्रं काढून टिपून ठेवावा लागे. १९७८ मध्ये प्रॉफेट-५ आला, त्यात चाळीस आवाज साठवता यायचे, आणि जगाची त्यातून सुटका झाली. मी मात्र पैसे देऊन १९७० मध्ये गेलो होतो. नॉबची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहायची रीत आहे: पूर्ण डावीकडे सात, पूर्ण उजवीकडे पाच. सनई थोडीफार जवळ आली त्या रात्री मी वहीत लिहिलं, 'कटऑफ पावणेअकरा, रेझोनन्स सव्वानऊ, अटॅक आठ, रिलीज दीड'. नाना रेल्वेतून रिटायर झालेले. सकाळी त्यांनी वही चष्म्यापुढे धरली, दोनदा वाचली आणि गंभीरपणे म्हणाले, "पावणेअकराले कोनती गाडी शे? सुरतकडून तं काहीच नही."

गाडी नसली तरी अपघात झाला. आईने यंत्र पुसलं. नुसतं पुसलं असतं तरी निभावलं असतं, पण तिने पुसून झाल्यावर सगळे नॉब ओळीने सरळ उभे केले, एकूण एक बारावर. "सगळे वाकडेतिकडे पडलेले रे, बघवत नव्हतं." वहीवरून मी पुन्हा सगळं लावलं, आणि सनई आली नाही. पावणेअकरा म्हणजे नक्की किती, हे नॉबाला माहीत असतं, वहीला नाही. फिल्टरच्या बाबतीत केसभराने जावई बदलतो.

त्यात मे महिना. अॅनलॉग ऑसिलेटरचा, म्हणजे लाट काढणाऱ्या भागाचा, सूर विजेच्या दाबावर चालतो. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये फरक जेमतेम ८३ मिलिव्होल्टचा. हा हिशोब आतल्या ट्रान्झिस्टरवर असतो आणि ट्रान्झिस्टरला उन्हाळा कळतो: एका अंशामागे साधारण ०.३३ टक्के इकडेतिकडे. बनवणारे त्यावर उलटा चालणारा रेझिस्टर बसवतात, पण त्यांनी अमळनेरची दुपार डोळ्यांपुढे ठेवलेली नसते. पहाटे गच्चीवर सव्वीस-सत्तावीस अंशांत जमवलेला सूर दुपारी पारा ४५ कडे सरकला की मांडी घालून खाली बसतो. पुस्तिकेत लिहिलंय की वाजवण्याआधी यंत्र थोडा वेळ चालू ठेवून गरम होऊ द्या. आमच्याकडे ते कपाटातूनच गरम निघतं.

अशा अवस्थेतलं ते यंत्र मावसभाऊ एका लग्नाला घेऊन गेला. सनई म्हणून नाही. त्याचे कान शाबूत आहेत. तिथे खरा सनईवाला होता, आणि त्याच्यासोबत मागे नुसता सूर धरून बसणारा पुतण्या सुरतेला साडीच्या कारखान्यात लागला होता. मावसभावाने सांगितलं की आमच्या दादाकडे एक वस्तू आहे, एकच सूर काढते आणि थांबत नाही. म्हातारबाबांनी यंत्राला कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"सर, हा दम कुठं घेतो?"

"घेत नाही."

"जेवायला?"

"लागत नाही."

"ठेवा," ते म्हणाले.

सकाळी मांडवात फार छान जमलं. मी एक पट्टी दाबून तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि मास्तरकी विसरून पाहुण्यांत मिरवून आलो. मग वरात निघाली. यंत्र बँडच्या गाडीवर, लोखंडी पत्र्यावर, डोक्यावर ऊन. सूर उतरायला लागला, पण इतका हळू की कुणाला कळू नये. सनईवाल्या बाबांना सवय अशी की मागच्या सुराला धरून राहायचं. ओठ जरासे सैल करत तेही त्याच्यामागे उतरत गेले. कॅसिओ डिजिटल, त्याला उन्हाशी देणंघेणं नाही, तो सकाळच्याच जागेवर ठाम. मारुतीच्या पारापर्यंत दोघांमध्ये चांगलं अर्ध्या पट्टीचं अंतर पडलं. बँडमास्तर सनईवर डाफरला. बाबा शांतपणे म्हणाले, "सूर सरांच्या मशिनीने दिलाय, ते शिकलेले आहेत." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ०.३३ टक्क्यांबद्दल बोलायला तोंड उघडलं, तोवर मावसभावाने तोडगा काढला होता. त्याने दोघांचाही आवाज वाढवला. खान्देशात सुरांचे वाद असेच मिटतात, आणि नाचणाऱ्यांपैकी एकाचाही पाय चुकला नाही.

त्यानंतर सनईचा नाद मी सोडला. यंत्र टेबलावर होतं, मी अधूनमधून कशाहीसाठी न वाजणारे आवाज काढत बसायचो. त्यातला एक रँडमचा. यंत्र नॉइझमधून दर ठोक्याला त्या क्षणाचा विजेचा दाब उचलतं, पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतं आणि सूर तिकडे उडी मारतो. याला सँपल अँड होल्ड म्हणतात. पुढचा सूर कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही, यंत्रालाही नाही. भादव्यात एका रात्री हेच चालू असताना शेजारचे आप्पा फाटकातून आत आले. मी आपणहून आवाज कमी केला.

"कमी नको करू भो. हाऊ काय आवाज शे?"

माझ्या आठवणीत, या घरात हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारला होता. आप्पांना तो मोटरचा वाटला नाही, कुकरचा नाही, पावसाचा नाही. मी खुर्ची पुढे सरकवली. सँपल अँड होल्ड समजावलं. नॉइझ समजावला. आप्पा मान हलवत राहिले, आणि मी रेझोनन्सवर आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"म्हंजे दर टाइमले येगळा?"

"दर वेळेला वेगळा."

"मना मकामा रातले डुक्कर येतस," आप्पा म्हणाले. "भोंगा लायेल शे, कुत्रा भुकाना. चार दिन पयनात. आते भोंग्याखालेच खातस."

हे मात्र खरं आहे. एकच आवाज रोज वाजला की जनावरं सरावतात. ठरावीक वेळी ठरावीक भुंकणाऱ्या कुत्र्यात जीव नाही, हे रानडुकराला लवकर कळतं. त्याला फसवायचं तर आवाज रोज नवा हवा आणि कधी येईल याचा नेम नको. इतका चोखंदळ श्रोता मला आजवर भेटला नव्हता. आम्ही दोघांनी त्या रात्री फिल्टर पार खाली नेऊन गुरगुर काढून पाहिली, मग मध्येच अटॅक शून्यावर आणून एक किंकाळी. आप्पांनी ती दोनदा वाजवायला लावली. आतून नानांनी टाकी पाहून येतो म्हटलं.

मग आप्पांनी अॅडॉप्टर हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून त्यावरचे आकडे वाचले. बारा व्होल्ट.

"ट्रॅक्टरनी बॅटरीवर चालस का?"

मी म्हटलं, चालायला हरकत नाही, पण मध्ये फ्यूज टाकावा लागेल, वर सावली हवी, आणि रात्री गारवा पडला की सूर चढेल.

"चढू दे," आप्पा म्हणाले. "डुकरंसले काय सूर कयस?" आणि भाड्यापोटी दादर ज्वारीचा एक कट्टा ठरवून ते उठले. दादर निघाल्यावर मिळेल, म्हणजे होळीच्या आसपास. शनिवारी शाळा सुटल्यावर मी मळ्यात जाऊन जोडणी करून द्यायची आहे.