नोट मोडताना

आपण नोट 'मोडतो'. लहानपणापासून हा शब्द वापरतेय, पण त्यातलं दुखणं मला गेल्या चार महिन्यांत कळलं.

जूनच्या शेवटी बँकेचं स्टेटमेंट उघडून बसले होते. घरभाडं, हप्ता, वीजबिल, मुलाची फी हे ठरलेलंच. ते वगळून २१४ व्यवहार! १० चा चहा, ८५ ची रिक्षा, १४९ चं काहीतरी... ते काय होतं, हे आजही आठवत नाहीये. बेरीज १९ हजारांच्या वर. नवरा म्हणाला, "अगं, पण मोठं काही घेतलंच नाही आपण!" तेच तर ना. मोठं काही घेतलं असतं तर निदान घरात दिसलं असतं.

मग आईची पाकिटं आठवली. बाबांचा पगार ७ तारखेला रोख यायचा आणि त्याच रात्री कपाटातल्या साडीच्या घडीखाली वाटला जायचा. वाणी, दूध, गॅस, शाळा आणि एक 'आलं-गेलं', म्हणजे पाहुणे, आहेर, आजारपण. त्या पाकिटातून भाजीसाठी पैसे काढावे लागले तर आई आत चिठ्ठी ठेवायची : 'भाजीला १०० उसने'. स्वतःकडूनच उसने! आम्ही हसायचो.

१ जुलैला मी १४ हजार काढले आणि चार पाकिटं केली : किराणा, भाजी-दूध, रिक्षा, बाहेरचं खाणं. भाडं नि हप्ते ऑनलाइनच ठेवले. तिथे नोटा मोजून काय साधणार?

पहिलं विघ्न एटीएमचं. आमच्या डोंबिवलीतल्या कोपऱ्यावरचं मशीन ५०० शिवाय बोलतच नाही. एटीएममधून १०० किंवा २०० च्या नोटाही मिळाल्या पाहिजेत, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय. आमच्या कोपऱ्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. भाजीवाल्या मावशी वेगळ्या वैतागतात. "ताई, स्कॅन करा की, सुट्टे कुठून आणू?" २०१६ च्या नोव्हेंबरात सुट्ट्यांसाठी आपण वणवण केली होती, आता रोख पैसे देणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात!

पण फरक पडला, आणि तो नेमका त्या ५०० च्या नोटेमुळे. २० रुपयांच्या चॉकलेटसाठी ती मोडायला जिवावर येतं. एकदा मोडली की उरलेले ४८० कुठे जातात ते देवाला ठाऊक, हे हाताला माहीत असतं. अंगठ्याला नसतं. ॲपसुद्धा चोख हिशेब देतं हो, पण पैसे गेल्यावर. पाकीट आधीच हलकं लागतं.

हे माझ्या एकटीचं खूळ नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन प्राध्यापकांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. कार्डाने पैसे देणाऱ्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट गेली. आपल्याकडे तर आता कार्डही खिशातून काढावं लागत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. एक ५०० ची नोट कुठेतरी पडली, आठवडाभर हळहळले. गौरी-गणपतीत चारही पाकिटं कोलमडली. रात्री अकराला औषध आणायचं होतं तेव्हा मुकाट्याने स्कॅन केलं. तरी ऑक्टोबरचा आकडा साडेतेरा हजारांवर आला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच. फोनमधला खर्च ज्याचा त्याला माहीत असतो. पाकिटं फ्रिजवर असतात, सगळ्यांना दिसतात. आता मुलगा पिझ्झा मागण्याआधी स्टूल घेऊन चढतो आणि स्वतःच मोजतो. २२ तारखेनंतर तो बहुतेक वेळा गप्प खाली उतरतो.

आणि या सगळ्याला 'आदिमानवाचा प्रकार' म्हणणाऱ्या आमच्या नवरोबांची एक चिठ्ठी काल रिक्षाच्या पाकिटात सापडली : '१०० उसने घेतले. वडापावसाठी नाही.'