आडवा धरलेला थर्माकोल

परवापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा एक व्हिडिओ फिरतोय. त्यात मी जिन्यात थर्माकोल धरून उभा आहे आणि ‘अहो, ऐका तर’ एवढंच म्हणतोय.

भाचीला कॉलेजच्या स्पर्धेसाठी फोनवर पाच मिनिटांची फिल्म करायची होती. नायक जिन्यात पत्र वाचतो, मागे खिडकी. फोनचं मत असं पडलं की खिडकी छान दिसावी, नायकाचं तोंड कोळशाच्या वखारीत गेलं तरी चालेल. मग त्याला एका अंगानं खिडकीकडे वळवलं. एक गाल उजळला, दुसरा अंधारात. तिथं उजेड परतवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, आणि थर्माकोल धरायला मामा. थर्माकोल जितका जवळ, तितका उजेड जास्त आणि मऊ. म्हणून चाळीस मिनिटं मी नायकाच्या इतका जवळ, की त्यानं दुपारी लसणाची चटणी खाल्लीय हे मला न सांगता कळलं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका दळणाचा डबा घेऊन वर आले.

“हे काय?”

“शूटिंग, काका.”

“ते दिसतंय. हे काय?” बोट थर्माकोलवर.

“थर्माकोल.”

“बंदी आहे. २०१८ पासून. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा.”

“काका, बंदी ताटं-वाट्यांवर आणि मखरांवर आहे. हा टीव्हीबरोबर आलाय.”

“म्हणजे मखर करणार.”

“मे महिन्यात?”

“तयारीचे लोक असतात.” त्यांनी डबा पायरीवर टेकवला. म्हणजे मुक्काम ठरला. “कॅमेरा कुठाय?”

“फोनच आहे.”

“मग लाइट कशाला? माझ्या फोनला नाइट मोड आहे. अमावास्येला गच्चीवरून नारळ मोजता येतात.”

मी समजवायला गेलो. (इथंच चुकलो.) म्हटलं, नाइट मोड स्थिर फोटोसाठी, तो अनेक फोटो एकावर एक रचतो. व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं, प्रत्येकाला वेळ तो किती मिळणार? त्यात फोनच्या आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. उजेड कमी पडला की तो चित्रभर रवा पेरतो.

“म्हणजे तुमचा फोन हलका,” काका म्हणाले आणि जिन्यातली ट्यूब लावली. “घ्या उजेड.”

ती ट्यूब भाचीनं मुद्दाम बंद ठेवली होती. जुनी, चोकवाली. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, फोनला कळतं. नायकाच्या तोंडावरून काळे पट्टे सरकायला लागले, वर एक गाल खिडकीचा आणि एक हिरवट. भाची म्हणाली, “शटर सेकंदाच्या एक छेद पन्नासवर घेते, पट्टे जातील. पण तो हिरवा गाल? काका, ट्यूब बंद करा ना.”

“ती मेंटेनन्समधून चालते. तिला नावं ठेवायची नाहीत.”

काकांच्या गॅलरीतली दिव्यांची माळ गेल्या गणपतीपासून जळतेय. ती कुणाच्या मीटरवर आहे, हे मी विचारलं नाही. मेंटेनन्स मीही भरतो, वेळेवर भरतो, आणि तरी जिन्यात तासभर उभं राहायला मलाच परवानगी लागते. विचारायला हवं होतं. रात्री दोनला उठून बसलो तेव्हा वाक्यसुद्धा तयार होतं.

मग काकांनी पुरावा म्हणून माझं शूटिंग केलं. ते संपेपर्यंत ऊन समोरच्या इमारतीमागे गेलं. आमचा सीन अर्धाच राहिला. नायक क्लासला पळाला.

व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिलाय. धांदलीत मी थर्माकोल हनुवटीखाली आडवा धरला होता. एका बाजूनं खिडकीचा मऊ उजेड, खालून थर्माकोलचा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब. लग्नाच्या अल्बमातसुद्धा मी इतका बरा दिसलेलो नाही. आमच्या अख्ख्या फिल्ममध्ये असा एक शॉट नाही.

व्हिडिओखाली तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलंय, “किती क्लिअर आलाय! कुठला फोन?”

काकांचं उत्तर: “साधाच आहे. त्याला लाइट लागत नाही.”