खुर्चीतून पाच वेळा उठणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

वयामुळे स्नायू झिजलेत का, हे बघायला मी खुर्चीतून पाच वेळा उठण्याची चाचणी सुचवली होती. त्यावर तुमचं म्हणणं असं: सासूबाईंना हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायला-बसायला १८ सेकंद लागले, पण त्यांचे गुडघे दुखतात. मग स्नायू झिजलेत हे कशावरून? डेक्सा स्कॅनशिवाय (म्हणजे क्ष-किरणांनी शरीरातला स्नायू मोजल्याशिवाय) मी म्हाताऱ्या माणसांना उगीच घाबरवते आहे.

गुडघ्यांचा मुद्दा रास्त आहे. या चाचणीत मांडीची ताकद, तोल आणि दुखणं सगळं एकत्र येतं. म्हणूनच स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांत १२ किंवा जास्त सेकंद लागले, तर अर्थ एवढाच की पुढे तपासा. त्याच निकषांत हाताची पकडही आहे, तिथे गुडघा आड येत नाही: बायकांची १८ किलोच्या खाली, पुरुषांची २८च्या खाली गेली तर ताकद कमी.

डेक्साबद्दल मात्र मला पटत नाही. स्नायू किती आहे ते त्यात कळतं, तो काम किती करतो ते नाही. वयाबरोबर ताकद स्नायूच्या आकारापेक्षा लवकर घटते. म्हणूनच याच विषयावरच्या युरोपीय तज्ज्ञगटानेही निदानात ताकदीला पहिलं स्थान दिलं.

मी तर घड्याळापेक्षा माणसाकडे जास्त बघते. गुडघा दुखणारा माणूस चेहरा आक्रसतो, एका पायावर भार टाकतो. स्नायू कमी झालेल्याचं तसं नसतं. पहिल्या दोन वेळा ठीक, मग हात नकळत मांडीवर जातो, अंग पुढे झोकून उठणं सुरू होतं आणि चौथ्या वेळी धपकन बसणं. बसताना शरीराचं वजन हळूहळू खाली सोडावं लागतं, तेच मांडीला झेपत नाही.

आणि घाबरायचं कशाला? १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धांच्या संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. ज्यांनी ते पुरे केले, त्यांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. ‘वय झालं, आता असंच’ म्हणून घरोघरी हे सोडून दिलं जातं, त्याचं मला फार वाईट वाटतं. सासूबाई रोज चालतात हे उत्तमच, पण नुसत्या चालण्याने मांडीला पुरेसा ताण मिळत नाही.

आधी फिजिओथेरपिस्टकडून त्यांची पकड मोजून घ्या आणि अलीकडे वजन आपोआप उतरलंय का ते बघा. उतरलं असेल तर व्यायामाआधी डॉक्टर गाठा.