विकलेले घर आणि न थांबणारे फोन
वडोदऱ्यात दांडिया बाजारातला जुना वाडा सोडून गोत्री किंवा भायलीकडे घर पाहणाऱ्या माणसाने इंटरनेटवर घराची जाहिरात पाहून एकदा मोबाईल क्रमांक दिला की तो गावभरच्या दलालांच्या मालकीचा होतो, आणि ज्या घरासाठी तो दिला ते घर मात्र ‘कालच गेलेले’ असते. कालच गेलेले हे घर पुढे महिनोन्महिने जाहिरातीत झळकत राहते, कारण ते विकण्यासाठी नव्हे, तर आपल्याला फोनवर आणण्यासाठीच तेथे ठेवलेले असते. 2016 च्या रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याने चटई क्षेत्राची, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्या ठरवून दिली; तरीही सुपर बिल्ट-अपचा फुगवलेला आकडाच मोठ्या अक्षरांत येतो, आणि त्यात जिना, लिफ्ट व लॉबी यांचा वाटा धरलेला आहे हे खोदून विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पूर्वीचा दलाल निदान थाप समोर बसून मारत असे. सर्वांत संताप येतो तो पाण्याच्या प्रश्नावर. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहराच्या कित्येक भागांत घरांमध्ये शिरले होते, तरी जिम, तरणतलाव आणि पार्किंगचे रकाने हौसेने भरणाऱ्या या जाहिरातींत तळमजल्यावर पाणी किती चढले होते, याला रकानाच नाही. विचारले तर ‘काका, लोकेशन प्राइम छे’ एवढेच उत्तर मिळते, आणि थोड्याच वेळात त्याच घरासाठी दुसऱ्या दलालाचा, वेगळी किंमत सांगणारा फोन येतो.