ब्रिटल स्टारच्या "हजारो डोळ्यांची" गोष्ट अर्धीच फिरतेय

मेसेज असा फिरतोय की कॅरिबियन समुद्रात एक तारामासा आहे, त्याच्या अख्ख्या अंगावर हजारो स्फटिकाचे डोळे आहेत, रात्रीही त्याला सगळं दिसतं आणि तुटलेल्या हातापासून नवा प्राणी तयार होतो.

एकतर हा तारामासा नाही, ब्रिटल स्टार आहे, म्हणजे तारामाशाचा लांब बारीक हातांचा नातेवाईक; शास्त्रीय नाव ओफिओकोमा वेंडटी. आता नाव बदलून ओफिओमास्टिक्स वेंडटी झालंय. दिवसा प्रवाळाच्या तुकड्यांखाली लपून बसतो, रात्री बाहेर पडतो.

डोळ्यांचं म्हणाल तर ते हवेतून आलेलं नाही. 2001 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात जोआना आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, हातांवरच्या कॅल्साइटच्या (चुनखडीतलं खनिज) प्लेटांवर बारीक बारीक फुगवटे असतात ते भिंगासारखे प्रकाश एकत्र आणतात असं त्यात होतं, आणि तेवढं बरोबरच आहे. पण भिंगाखाली प्रकाश पकडणारी पेशी असेल तरच त्याला डोळा म्हणता येईल ना? 2018 मध्ये लॉरेन समनर-रूनी आणि टीमने नीट शोधलं तेव्हा त्या पेशी फुगवट्यांच्या खाली नव्हत्याच, फुगवट्यांच्या मधल्या छिद्रांत होत्या. म्हणजे पेशी हजारो आहेत हे खरं, पण भिंगातला प्रकाश त्यांच्यापर्यंत जातच नाही.

मग दिसतं कसं? माझ्या मते खरी कमाल इथे आहे आणि मेसेजमध्ये नेमकी हीच नाही. 2020 च्या प्रयोगात याला गोल हौदात ठेवलं, भिंत राखाडी, त्यावर काळा पट्टा आणि बाजूला पांढरे, म्हणजे एकूण उजेड सगळीकडे सारखाच, तरी हा लपायची जागा समजून काळ्या पट्ट्याकडे जातो! दिवसा तो गडद लाल-तपकिरी असतो, तेव्हा कातडीतला रंग पसरून प्रत्येक पेशीभोवती आडोसा होतो आणि पेशीला एकाच दिशेचा प्रकाश मिळतो. रात्री रंग आकसतो, प्राणी फिका पडतो, आडोसा जातो, चहूबाजूंनी प्रकाश येतो आणि आकार कळणं बंद होतं. उजेड आहे की नाही तेवढं कळतं, बस. म्हणजे "रात्रीही सगळं दिसतं" हे तर पार उलटं आहे, आणि दिवसाचं दिसणंही ढोबळच. त्याचाच नातेवाईक ओफिओकोमा पुमिला, त्यालाही अशा पेशी आहेत पण तो असा रंग बदलत नाही, आणि त्याला पट्टा ओळखता आला नाही.

राहिला हात. माशाने पकडला तर हा हात सोडून पळतो आणि जागेवर हळूहळू नवा हात येतो, पण तुटलेल्या हातापासून नवा ब्रिटल स्टार होत नाही, त्याला मधली चकती लागते, तोंड आणि पोट तिथेच असतं.